दूरचं, पळतं लक्ष्य आणि लेसर: प्रतिमा लवकर कशी मिळवायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेसरचा प्रकाश टाकून दूरच्या, हलत्या वस्तूची प्रतिमा मिळवण्याच्या पद्धती अनेक आहेत. इथे भर आहे तो किरण किंचित सरकवून टाकण्याच्या पद्धतीवर. या क्षेत्रातले लोक तिला ‘शिअर्ड बीम इमेजिंग’ म्हणतात. आकडे अधांतरी राहू नयेत म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरलं आहे: ५०० किलोमीटर उंचीवरून, बरोबर डोक्यावरून जाणारा ५ मीटर आकाराचा उपग्रह, ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर, आणि अपेक्षा अशी की उपग्रहावरचा १० सेंटिमीटरचा तपशील दिसावा.

मोठी दुर्बीण लावून सरळ फोटो का काढत नाहीत?

काढतात की. आपल्या उदाहरणात विवर्तनाच्या, म्हणजे छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्याच्या, हिशेबाने ३.२ मीटर व्यासाची दुर्बीण पुरते, आणि तेवढ्या दुर्बिणी जगात आहेत. अडतं ते वातावरणापाशी. हवेतल्या खळबळीमुळे दृश्य प्रकाशात चांगल्या ठिकाणीसुद्धा साधारण १० सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्यापुरताच तरंग शाबूत पोहोचतो. त्यापुढे आरसा कितीही मोठा केला तरी प्रकाश जास्त जमतो, बारकावा वाढत नाही. आकार बदलणाऱ्या आरशांनी, म्हणजे ॲडॅप्टिव्ह ऑप्टिक्सने यावर मात करता येते. पण भराभर सरकणाऱ्या उपग्रहासाठी ती व्यवस्था महाग आणि नाजूक होते. शिवाय उपग्रह पृथ्वीच्या सावलीत शिरला की दुर्बिणीला पाहायला काही उरतच नाही. लेसर आपला प्रकाश आपणच घेऊन जातो.

मग या पद्धतीत नेमकं होतं काय?

लक्ष्यावर एकाच वेळी तीन लेसर किरण टाकतात. ते जमिनीवर काटकोनात मांडलेल्या तीन छिद्रांतून निघतात: एक कोपऱ्यातलं, एक त्याच्या शेजारी, एक त्याच्या वर. छिद्रांमधलं अंतर जेमतेम काही सेंटिमीटर असतं. तिन्ही किरणांची वारंवारता एकमेकांपासून किंचित वेगळी ठेवतात. हे काम ध्वनीलहरींवर चालणारे अकूस्टो-ऑप्टिक मॉड्युलेटर करतात.

उपग्रहाचा पृष्ठभाग प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने खडबडीत असतो. त्यामुळे परतलेला लेसर प्रकाश जमिनीवर उजळ-काळ्या ठिपक्यांची नक्षी पाडतो. हीच स्पेकल. तीन किरणांच्या तीन नक्ष्या जवळजवळ हुबेहूब असतात, फक्त एकमेकींवर किंचित सरकलेल्या. त्यांची वारंवारता वेगळी असल्यामुळे प्रत्येक डिटेक्टरवरचा प्रकाश कमी-जास्त होत राहतो. एखाद्या वाद्याच्या दोन तारा जवळजवळ एकाच स्वरात लावल्या की आवाज जसा घुमत राहतो, तसाच हा ‘बीट’.

या बीटची फेज (चढ-उतारात लाट कुठवर आली आहे ते) मोजली की एका डिटेक्टरपाशी आणि त्याच्या शेजाऱ्यापाशी तरंगाच्या फेजमध्ये किती फरक आहे ते कळतं. असे फरक आडवे-उभे सगळीकडे मिळाले की जोडत जाऊन पूर्ण फेज उभी करायची. बीटच्या उंचीवरून तरंगाचा आयामही, म्हणजे लाटेची उंचीही निघते. फेज आणि आयाम दोन्ही हातात आले की फूरिए रूपांतर (तरंगाचे घटक वेगळे करणारं गणित) उलटं फिरवायचं, प्रतिमा तयार. लेन्स नाही, आरसा नाही. लागतात ते प्रकाश गोळा करणारे साधे डिटेक्टर, एका मैदानात ओळीने मांडलेले.

डिटेक्टर किती आणि किती अंतरावर?

उदाहरणातल्या उपग्रहाचा एक स्पेकल जमिनीवर सुमारे ५.३ सेंटिमीटरचा असतो (तरंगलांबी गुणिले अंतर, भागिले लक्ष्याचा आकार). डिटेक्टर तेवढ्याच अंतरावर लागतात आणि किरणांची छिद्रंही तेवढ्याच अंतरावर. १० सेंटिमीटरच्या तपशिलासाठी मांडणीची एकूण रुंदी २.६६ मीटर. म्हणजे ५० बाय ५०, एकूण २,५०० डिटेक्टर.

वातावरणाचा त्रास या पद्धतीला होत नाही असं म्हणतात. खरं आहे का?

बऱ्याच अंशी खरं आहे, आणि कारण फार देखणं आहे. खाली येताना तिन्ही किरणांचा प्रकाश एखाद्या डिटेक्टरवर पडतो तेव्हा तो हवेच्या त्याच स्तंभातून आलेला असतो. हवेने फेज बिघडवली तरी तिघांची सारखीच बिघडवली. बीटमध्ये फक्त आपसातला फरक उरतो, त्यामुळे बिघाड कटून जातो.

वर जाताना मात्र तीन किरण थोड्या वेगळ्या हवेतून जातात. समजा त्यामुळे दुसऱ्या किरणाच्या फेजमध्ये काही आगंतुक भर पडली. ती भर मांडणीतल्या प्रत्येक आडव्या फरकात सारखीच येते. सगळ्या फरकांत सारखीच भर म्हणजे पूर्ण फेजमध्ये एक सरळ उतार, आणि फेजमधला सरळ उतार म्हणजे प्रतिमा थोडी बाजूला सरकणं. बस, एवढंच. प्रतिमा सरकते, फाटत नाही. (या सरकण्याचा हिशेब पुढे चुकवावा लागतो, पण त्याबद्दल नंतर.)

लक्ष्य हलतं म्हणून अडचण कुठे येते?

दोन ठिकाणी, आणि दोन्हींची घड्याळं अगदी वेगळी आहेत. गोंधळ होतो तो बहुतेक या दोन घड्याळांची सरमिसळ केल्यामुळे.

पहिलं घड्याळ मायक्रोसेकंदांचं. या उंचीवर उपग्रहाचा वेग सेकंदाला सुमारे ७.६ किलोमीटर असतो. लेसर आणि डिटेक्टर दोन्ही जमिनीवर असल्यामुळे स्पेकलची नक्षी त्याच्या दुप्पट वेगाने पळते: सेकंदाला १५ किलोमीटर, म्हणजे एका मायक्रोसेकंदात १५ मिलिमीटर. ५३ मिलिमीटरचा ठिपका साडेतीन मायक्रोसेकंदांत डिटेक्टरवरून निघून जातो. बीट त्याच्या आत मोजून व्हायला हवा. म्हणून लेसरची पल्स, म्हणजे प्रकाशाचा एक झोत, अर्ध्या मायक्रोसेकंदाची घ्यावी लागते. तेवढ्यात नक्षी ठिपक्याच्या सातव्या भागाइतकीच सरकते. आणि अर्ध्या मायक्रोसेकंदात दोन बीट वेगवेगळे ओळखायचे तर त्यांच्यात किमान २ मेगाहर्ट्झचं अंतर लागतं. प्रयोगशाळेतल्या स्थिर लक्ष्यावर किलोहर्ट्झचे बीट वापरून केलेली मांडणी उपग्रहाला जशीच्या तशी का चालत नाही, याचं उत्तर हेच.

दुसरं घड्याळ सेकंदांचं. एका पल्समधून मिळणारी प्रतिमा स्वतःच स्पेकलने भरलेली असते. उपग्रह ओळखू येणं सोडाच, कडा कुठे आहे तेही नीट समजत नाही. वेगवेगळ्या पल्समधल्या अनेक प्रतिमांची सरासरी काढली की ही कणीदार धूळ बसते. पण हळूहळू: प्रतिमांची संख्या ‘न’ धरली तर सरासरीत स्पेकलचा उठाव मूळच्या १ भागिले √न इतका राहतो. २५ प्रतिमांनी २० टक्के, १०० प्रतिमांनी १० टक्के. आता लेसर सेकंदाला २० पल्स देत असेल तर १०० प्रतिमांना ५ सेकंद लागतात. डोक्यावरून जाताना उपग्रहाकडे बघण्याची दिशा सेकंदाला जवळजवळ ०.८७ अंशाने बदलते. ५ सेकंदांत ४.४ अंश. उपग्रहाच्या मध्यापासून आपल्या दिशेने अडीच मीटर पुढे असलेला एखादा भाग तेवढ्यात प्रतिमेत १९ सेंटिमीटर सरकतो. आपल्याला तर १० सेंटिमीटरचा तपशील हवा होता! सरासरीने स्पेकल घालवायला निघालो आणि उपग्रहच पुसला.

डॉप्लरमुळे बीट बिघडत नाही का?

नाही. लक्ष्य सेकंदाला १ किलोमीटरने जवळ येत असेल तर हिरव्या प्रकाशाची वारंवारता ३.८ गिगाहर्ट्झने सरकते खरी, पण तिन्ही किरणांची जवळजवळ सारखीच. बीटमध्ये फक्त त्यांच्यातला फरक उरतो, आणि काही मेगाहर्ट्झच्या बीटवर तो काही हर्ट्झ ते काही दशक हर्ट्झ भरतो. विसरून जा.

म्हणजे ‘जलद पुनर्रचना’, मोजणीतून प्रतिमा लवकर उभी करणं, हा वेगवान कॉम्प्युटरचा प्रश्न नाही?

निदान पहिला प्रश्न तो नाही. पुनर्रचनेवरचं बरंचसं लिखाण ‘आमची पद्धत इतक्या पट वेगवान’ असं सांगतं आणि तो आकडा कॉम्प्युटरवरच्या वेळेचा असतो. उपयोग आहेच, नाही असं नाही. पण वरचा हिशेब बघा: गणित शून्य वेळात झालं तरी ५ सेकंदांच्या पल्स गोळा केल्या असतील तर प्रतिमा पुसटच येणार. म्हणून आधी पाहायचं ते हे, की पुरेशा चांगल्या प्रतिमेला किती पल्स लागतात. ती संख्या १०० वरून २५ वर आणली तर वेळ सव्वा सेकंद होतो, दिशा १.१ अंशानेच बदलते आणि तो अडीच मीटरवरचा भाग पाच सेंटिमीटरच्या आतच सरकतो. तपशील शाबूत. त्यानंतर गणिताकडे वळावं.

पल्स कमी करायच्या आणि स्पेकलही घालवायचं, हे जमायचं कसं?

एका पल्समधून एकापेक्षा जास्त स्वतंत्र स्पेकल-प्रतिमा काढून. ‘स्वतंत्र’ हा शब्द इथे जपून वाचा, सगळी मेख त्यातच आहे.

पहिला मार्ग ध्रुवीकरणाचा, म्हणजे प्रकाशाची लाट कोणत्या दिशेने डोलते त्याचा. परतलेला प्रकाश दोन काटकोनी ध्रुवीकरणांत विभागून दोन डिटेक्टरांवर घेतला, तर खरखरीत पृष्ठभागाच्या बाबतीत दोन स्वतंत्र नक्ष्या मिळतात. गुळगुळीत धातू मात्र ध्रुवीकरण तसंच परत पाठवतो, तिथे दुसऱ्या डिटेक्टरला काहीच मिळत नाही.

दुसरा मार्ग वारंवारतेचा, आणि मला तो जास्त आवडतो. लक्ष्याला खोली असेल तर लेसरची वारंवारता थोडी बदलली तरी स्पेकल बदलतं. किती बदलायला हवी? प्रकाशाचा वेग भागिले खोलीची दुप्पट. २ मीटर खोलीसाठी ७५ मेगाहर्ट्झ. लेसरच्या दृष्टीने हे काहीच नाही. तेव्हा तीन किरणांचे दोन संच एकदम सोडायचे, दोघांत काहीशे मेगाहर्ट्झचं अंतर ठेवून. आता दोन्ही संचांचे बीट एकाच डिटेक्टरवर येणार, मग ते वेगळे कसे करायचे? अंतरं निवडून. २ मेगाहर्ट्झला एक घर मानू. पहिल्या संचातली अंतरं १ आणि ३ घरं ठेवली तर बीट पडतात १, ३ आणि ४ वर. दुसऱ्या संचात २ आणि ५ ठेवली तर २, ५ आणि ७ वर. एकही घर दोनदा भरलं नाही. दोन संचांच्या आपसातले बीट शेकडो मेगाहर्ट्झवर जातात. ते डिटेक्टरच्या पुढच्या गाळणीतच अडवायचे. ही गाळणी विसरलात तर नमुने घेताना तेच बीट खाली दुमडून नेमके आपल्या घरांवर येऊन बसू शकतात, आणि मग दोष गणितात शोधत बसण्याची वेळ येते.

ध्रुवीकरणाचे दोन आणि वारंवारतेचे दोन मिळून एका पल्समधून चार स्वतंत्र प्रतिमा. २५ पल्समध्ये १००. वरची दोन्ही गणितं एकदम जुळली.

फुकट काहीच नाही, अर्थात. उपलब्ध प्रकाश चार वाट्यांत विभागला गेला. प्रकाश आधीच तोकडा असेल तर स्पेकलऐवजी डिटेक्टरचा गोंगाट डोकं वर काढतो. आणि सौरपंखासारखा सपाट, समोरून दिसणारा भाग असेल तर त्याला खोलीच नसल्यामुळे वारंवारता बदलूनही त्याचं स्पेकल फारसं बदलत नाही.

तीनऐवजी पाच किरण वापरले की काम झालं, असं वाचलंय. बरोबर?

अर्धं. पाच किरणांतून दहा बीट मिळतात, आणि फ्रिक्वेन्सी ०, १, ४, ९, ११ अशा घरांवर ठेवल्या तर एकही बीट दुसऱ्यावर पडत नाही. एकाच पल्समधून अनेक त्रिकुटं जुळवून अनेक उपप्रतिमा काढता येतात. त्यांची सरासरी घेतली की डिटेक्टरचा आणि फोटॉनांचा गोंगाट कमी होतो. चांगलंच आहे. पण किरण शेजारी-शेजारीच असतील तर सगळ्या उपप्रतिमा जवळजवळ त्याच स्पेकलच्या असतात. त्या दहा जमवल्या म्हणून स्पेकल दहाच्या वर्गमुळाने कमी झालं असं मानू नका. पाच किरणांनी फायदा झाल्याचं कुणी दाखवलं असेल तर आधी विचारा: कमी काय झालं, गोंगाट की स्पेकल? किरणांचे गट पूर्ण मांडणीच्या रुंदीइतके, इथे अडीच-पावणेतीन मीटर, लांब ठेवले तरच प्रत्येक गट नक्षीचा वेगळा तुकडा डिटेक्टरांवर आणतो.

गणिताचा भाग खरोखर किती जड आहे?

पल्सभर सेकंदाला १० कोटी नमुने घेतले तर एका डिटेक्टरचे ५० नमुने. किरणांचा एकच संच धरला तर त्यातून तीनच वारंवारता हव्यात. अशा वेळी पूर्ण फास्ट फूरिए ट्रान्सफॉर्म चालवण्यात अर्थ नाही. हव्या त्या वारंवारतेच्या साइन-कोसाइनने गुणून बेरीज घेतली की झालं, किंवा १९५८ पासून माहीत असलेला गर्ट्झेलचा ॲल्गोरिदम वापरावा. डिटेक्टरमागे ३०० गुणाकार, २,५०० डिटेक्टरांचे साडेसात लाख. आजच्या साध्या प्रोसेसरला हे कळतही नाही.

शेवटची पायरी, म्हणजे प्रतिमेत रूपांतर, हीसुद्धा स्वस्त. कूली आणि ट्यूकी यांच्या १९६५ च्या लेखानंतर हा प्रश्न मिटल्यात जमा आहे. अगदी १०२४ बाय १०२४ च्या मांडणीलाही सरळ पद्धतीने एक लाख कोटींच्या वर क्रिया लागल्या असत्या, तिथे दोन कोटींच्या आसपास भागतं.

वेळ खातो तो मधला टप्पा: फरकांतून फेज उभी करणं.

तिथे एवढं काय अडतं?

सगळ्यात सोपी रीत: एका कोपऱ्यापासून सुरू करा, फरक बेरजेत घेत ओळीने पुढे जा. एका फेरीत काम संपतं. पण वाटेतली प्रत्येक चूक पुढे वाहत जाते, आणि पन्नासाव्या डिटेक्टरपाशी पोहोचेपर्यंत फेजचा भरवसा उरत नाही. आडव्या वाटेने एक उत्तर येतं, उभ्या वाटेने दुसरंच.

म्हणून सगळ्या फरकांना एकदम कमीत कमी चुकीने बसवणारी लघुतम वर्ग पद्धत वापरतात. १९७७ मध्ये हजिन आणि फ्रीड यांनी फरक कुठे मोजायचे याच्या ज्या दोन मांडण्या मांडल्या, त्या आजही त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. हे समीकरण फेरीफेरीने सोडवायचं तर साध्या पद्धतीला लागणाऱ्या फेऱ्या मांडणीच्या बाजूच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात: ५० ची बाजू, तर हजारोंच्या घरात. प्रत्येक फेरीतली सुधारणा ठरावीक पटीने वाढवून घेतली, म्हणजे योग्य तो अतिशिथिलन गुणांक धरला की बाजूच्याच प्रमाणात, म्हणजे पन्नासाच्या घरात. मल्टिग्रिडमध्ये आधी जाड जाळीवर, मग बारीक जाळीवर सोडवलं की फेऱ्या जवळजवळ वाढतच नाहीत. आणि सगळ्या फरकांना सारखंच वजन द्यायचं असेल तर फूरिएचंच भावंड असलेल्या कोसाइन रूपांतराने एका दमात उत्तर येतं.

पण सारखं वजन देणं हीच चूक ठरते. स्पेकलच्या काळ्या भागात प्रकाश जवळजवळ शून्य असतो, तिथली मोजलेली फेज म्हणजे निव्वळ गोंगाट. तिला उजळ भागाइतकाच मान दिला तर ती सगळीकडे घाण पसरवते. वजन दिलं की एका दमाचं उत्तर चालत नाही, पुन्हा फेऱ्या आल्या. इथे मधला मार्ग फार कामाचा आहे: कोसाइन रूपांतराचं उत्तर अंदाज म्हणून वापरायचं आणि कॉन्ज्युगेट ग्रेडियंट या फेरीफेरीच्या पद्धतीने ते सुधारत न्यायचं. घिग्लिया आणि रोमेरो यांनी १९९४ मध्ये फेज उलगडण्यासाठी ही वाट दाखवली, आणि साधारणपणे फेऱ्या शेकड्यात जात नाहीत.

याहून खोल अडचण आहे ती भोवऱ्यांची. स्पेकलमध्ये जिथे आयाम अगदी शून्य होतो त्या बिंदूभोवती एक फेरी मारली तर फेज पूर्ण ३६० अंश फिरते. हा गोंगाट नव्हे. स्पेकलचा स्वभावच आहे, आणि असे बिंदू नक्षीभर विखुरलेले असतात. लघुतम वर्ग पद्धत फेजला एक अखंड पृष्ठभाग समजते, त्यामुळे भोवरे तिला दिसतच नाहीत. ती ते सपाट करून टाकते आणि प्रतिमेत भूत उमटतं. यावर उपाय म्हणजे कोन बाजूला ठेवून थेट संमिश्र संख्यांवर काम करणं: प्रत्येक डिटेक्टरची किंमत चार शेजाऱ्यांनी सुचवलेल्या किमतींच्या वजनदार सरासरीने सुधारायची. संमिश्र संख्येला ३६० अंशांची उडी जाणवत नाही, आणि काळ्या भागातला शेजारी आपोआपच कमी वजनाचा ठरतो. माझ्या मते नव्याने लिहिताना इथूनच सुरुवात करावी.

आयाम काढताना काही खाचखळगे?

एक आहे, आणि तो हमखास नडतो. तीन बीटच्या उंचींना क, ख, ग म्हणा. क आणि ख हे कोपऱ्यातल्या किरणाचे दोन शेजाऱ्यांशी बीट, ग हा त्या दोन शेजाऱ्यांचा आपसातला. कोपऱ्यातल्या किरणाच्या आयामाचा वर्ग निघतो क गुणिले ख भागिले ग असा. ग शून्याजवळ गेला की भागाकार फुटतो आणि एखादाच डिटेक्टर सगळ्या प्रतिमेवर पट्टे ओढतो. छेदात छोटी रक्कम मिळवून हा स्फोट आवरावा लागतो. ती रक्कम गोंगाटाच्या मोजलेल्या पातळीवरून ठरवावी, डोळ्यांना बरी दिसेल तशी नव्हे.

मागच्या पल्सचं उत्तर पुढच्या पल्सला अंदाज म्हणून वापरलं तर?

काही मिळत नाही. ॲडॅप्टिव्ह ऑप्टिक्समध्ये हवा हळू बदलते, तिथे हे चालतं. इथे पुढच्या पल्सला स्पेकलची नक्षी संपूर्ण नवी असते. पण याची दुसरी बाजू फायद्याची आहे: कुठलीच फ्रेम, म्हणजे एका पल्सची मोजणी, दुसरीवर अवलंबून नाही, त्यामुळे हव्या तितक्या फ्रेम एकाच वेळी सोडवता येतात.

मग जीपीयू (ग्राफिक्स प्रोसेसर) घेऊ का?

५० बाय ५० साठी नको. डेटा जीपीयूपर्यंत नेण्या-आणण्यातच गणिताइतका वेळ जातो. शेकडो फ्रेमचा गठ्ठा एकदम पाठवणार असाल, किंवा मांडणीची बाजू पाचशे-हजारच्या घरात असेल, तर जरूर. फेरीफेरीच्या पद्धतीत एक गोष्ट लक्षात ठेवा: फेऱ्या एकामागून एकच होतात, जीपीयू फक्त फेरीच्या आतलं काम वाटून घेतो. बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे बिंदू आलटून पालटून सुधारले तर हे वाटप नीट होतं. बीट मोजण्याचं काम मात्र डिटेक्टरच्या शेजारीच एफपीजीएवर, म्हणजे हव्या त्या कामासाठी आतली जोडणी बदलता येणाऱ्या चिपवर उरकावं. मग पुढे पाठवायला ५० नमुन्यांऐवजी तीन संमिश्र संख्याच उरतात.

प्रत्येक प्रतिमा वेगळ्या जागी सरकलेली असते म्हणालात. मग सरासरी कशी काढायची?

आधी जुळवून. सवय असते क्रॉस-कोरिलेशनची, म्हणजे एक प्रतिमा दुसरीवर सरकवत सर्वांत जास्त जुळणी शोधण्याची, पण दोन प्रतिमांतलं स्पेकल वेगळं असल्यामुळे त्याचं शिखर बसकं आणि डगमगतं येतं. प्रतिमा आधी थोड्या गुळगुळीत करून जुळवल्या तर बरं चालतं. सरकणं मुळातच अंगाला लागू न देणारी रीत म्हणजे तिहेरी कोरिलेशन, ज्याला बायस्पेक्ट्रम म्हणतात: खगोलशास्त्रात तारे वातावरणातून पाहताना हे तंत्र रुळलं. ते पूर्ण काढायचं तर चार मितींचा डोंगर होतो, म्हणून कमी अंतराचे निवडक तुकडेच घेतात.

न्यूरल नेटवर्कने दहा पल्समध्ये स्वच्छ प्रतिमा येते असं दाखवतात. वापरावं का?

लक्ष्य आधी पाहिलेल्या प्रकारांपैकीच आहे, आणि फक्त कोणत्या प्रकारचं ते ओळखायचंय, एवढ्यासाठी वापरा. न पाहिलेल्या वस्तूचा तपशील हवा असेल तर सावध राहा. उपग्रहाला पंख असतात हे नेटवर्कला शिकवलेलं असतं; मोडका पंख समोर आला तर ते तो जोडून देण्याची शक्यता असते, आणि आपल्याला कदाचित तेच मोडणं पाहायचं होतं. भोवऱ्यांच्या जागा शोधणं किंवा वजनं ठरवणं अशी आतली कामं मात्र त्याला बिनधास्त द्यावीत, कारण पुढचं भौतिक समीकरण चूक पकडतं.

सिंथेटिक ॲपर्चर लेसर रडार याहून वेगवान नाही का?

प्रतिमेच्या वेळेपुरतं बोलायचं तर आहे, थक्क व्हावं इतकं. त्या पद्धतीत लक्ष्याच्या वळण्यातूनच बारकावा मिळतो. ५ सेंटिमीटरसाठी ३ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रडारला लक्ष्य १७ अंश वळावं लागतं, १.५५ मायक्रोमीटरच्या लेसरला १५ मायक्रोरेडियन पुरतात. आपला उपग्रह तेवढं एका मिलिसेकंदात वळतो. पण त्या मिलिसेकंदात लक्ष्याची थरथर मायक्रोमीटरच्या काही दशांशांत राहायला हवी, नाहीतर फेज गेली. खोलीतल्या ५ सेंटिमीटरसाठी ३ गिगाहर्ट्झ रुंदीचा सिग्नल लागतो, तो वेगळाच. सरकवलेल्या किरणांच्या पद्धतीत थरथर तिन्ही किरणांना समान असल्यामुळे कटते. दोन पद्धती एकमेकींना पर्याय म्हणून न बघता लक्ष्य किती थरथरतं त्यावरून निवडाव्यात.

३६,००० किलोमीटरवरच्या भूस्थिर उपग्रहाचं काय?

तिथे घाई संपते आणि प्रकाशाची टंचाई सुरू होते. उपग्रह जागचा हलत नाही, स्पेकल ३.८ मीटरचं होतं, मांडणी १९० मीटरवर पसरते, डिटेक्टर तेवढेच. पण किरण लक्ष्यापेक्षा रुंद पसरत असेल तर परत येणारा प्रकाश अंतराच्या चौथ्या घाताने घटतो. अंतर ७२ पट, प्रकाश सुमारे २.७ कोटी पट कमी.

आकाशात असा लेसर सोडणं धोक्याचं नाही का?

आहे. विमानातल्या माणसांच्या डोळ्यांना आणि उपग्रहांवरच्या कॅमेऱ्यांना. परवानगी, हवाई क्षेत्रावर नजर आणि आपोआप बंद होणारी व्यवस्था याशिवाय हे करायचं नसतं.

मिळालेली प्रतिमा खरी आहे हे कसं तपासायचं?

पल्स सम आणि विषम अशा दोन गटांत वाटा, दोन्ही गटांतून वेगवेगळी प्रतिमा उभी करा. दोन्हींत असेल तेवढंच धरा. अर्थात पद्धतशीर चूक दोन्हींत सारखीच येईल, म्हणून आधी माहीत असलेल्या लक्ष्याचं अनुकरण कॉम्प्युटरवर करून तोच कोड त्यावर चालवा. लक्ष्याचा आकार मुद्दाम विषम घ्या, एका बाजूला लांब, दुसऱ्या बाजूला आखूड. कारण बीटच्या फेजचं चिन्ह उलटं धरलं तर प्रतिमा १८० अंश फिरून येते, बाकी सगळं निर्दोष दिसतं. आणि आडवी-उभी घरं अदलाबदल झाली तर ती कर्णावर पलटते. समांतर पंखांच्या सममित उपग्रहावर या दोन्ही चुका कितीही वेळ लपून राहू शकतात.